बंदर की वाडी? आधी वही काढू या
(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

संध्याकाळची वेळ आहे. कोणी तांदूळ निवडत असेल, कोणी चुलीपुढे बसली असेल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बचत गटाच्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलतोय.

आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच घरांत कधी ना कधी निघतो. गावात राहायचं की शहरात बिऱ्हाड करायचं? आमच्याकडे शहर म्हणजे रत्नागिरी, आणि त्यातही मिरकरवाडा बंदराची बाजू. कारण आमच्या वाडीतले बरेच पुरुष तिथे बोटीवर खलाशी म्हणून जातात. एसटी मिळाली तर दीड तासाचा रस्ता. इकडे आंबा, काजू, भातखाचरं आणि संध्याकाळी सातनंतर सगळं चिडीचूप. तिकडे बोटींची इंजिनं, बर्फाच्या गाड्या, मासळीचा वास, पण शाळा, दवाखाना, बाजार सगळं हाताशी.

हा प्रश्न घरात कसा सुटतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. नवरा म्हणतो, “खोली बघून आलोय.” सासूबाई गप्प बसतात. बाई म्हणते, “तुम्ही म्हणाल तसं.” आणि ट्रंक भरायला लागते. नाहीतर घरातलं मोठं माणूस म्हणतं, “एवढी गावची शांती सोडून त्या गजबजाटात कशाला मरायला जायचं?” आणि विषय संपतो. दोन्हीकडे हिशोब कोणीच करत नाही. गटाच्या बैठकीत आपण शंभर रुपयांची बेरीज तीनदा तपासतो. पण सगळा संसार हलवायचा की नाही, हे मात्र तोंडातोंडी ठरवतो.

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईने बंदराजवळ खोली घेण्यासाठी कर्ज मागितलं होतं. आम्ही तिला पाऊण तास समजावलं. गावात काय कमी आहे, भाडं भरून हातात काय राहणार, पोरं बिघडतील, असं बरंच काही. कर्ज दिलं नाही. ती तरी गेली. अनामत रकमेसाठी तिने बाहेरून चढ्या व्याजाने पैसे उचलले आणि ते फेडताना तिच्या गळ्यातलं गेलं. नंतर कळलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. खरं कारण आमच्यातल्या एकीनेच मग बोलून दाखवलं. तेव्हा गटात आम्ही दहाच होतो. ती गेली तर नऊ राहतील, बँकेत अडचण येईल, ही आमची भीती होती. सल्ला तिच्या नावाने दिला, सोय आमची बघितली. ती ताई अजून आमच्याशी मोकळेपणी बोलत नाही. त्यात तिचं काही चुकत नाही.

म्हणून पुढे एका एप्रिलच्या बैठकीत हाच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा आम्ही ठरवलं की आधी ऐकायचं, मग वही काढायची, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी.

या वेळी विचारणारी होती आमची एक वहिनी. वय तिशीचं, दोन मुलं, घरात अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. नवरा मिरकरवाड्याला बोटीवर. पंधरा-वीस दिवसांनी एखादी रात्र घरी यायचा. त्याने बंदराजवळ दोन खोल्या बघितल्या होत्या. भाडं महिना ३,५०० रुपये, अनामत १५,०००. वहिनी म्हणाली, “मला अनामतीपुरतं कर्ज द्याल का?”

आम्ही कर्जाच्या वहीचं शेवटचं पान काढलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे वाडी, उजवीकडे बंदर. आणि एकेक रक्कम तिच्या तोंडून घेतली.

बंदराला गेल्यावर वाढणारा खर्च पहिल्यांदा लिहिला. भाडं वर्षाचं ४२,००० रुपये. लाईटबिल महिना ५०० धरून ६,०००. घरचा तांदूळ, परसातली भाजी, नारळ हे सगळं विकत घ्यायचं, त्याचे महिना १,५०० धरून १८,०००. गावात चुलीवर भागतं, तिथे गॅसच लागणार, त्याचे वर्षाचे ७,२००. झाले ७३,२००.

मग गावातली बुडणारी कमाई. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायच्या कामाचे १५,००० आणि आमसुलांचे ६,०००. म्हणजे आणखी २१,०००.

आता मिळणारं. बंदरावर कोळंबी सोलायचं, मासळी निवडायचं काम असतं. दिवसाला २५० रुपये, महिन्यात अठरा दिवस, आणि वर्षातले दहाच महिने. तिचे ४५,०००. नवऱ्याची तिथली वेगळी खोली आणि खाणावळ बंद होणार, दहा महिन्यांचे ३०,००० वाचतील. येण्याजाण्याचे ६,००० वाचतील. झाले ८१,०००.

एकूण ९४,२०० जाणार, ८१,००० येणार. वर्षाला १३,२०० रुपये तोटा. महिन्याला ११००.

बैठकीत शांतता पसरली. कारण तोवर आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की बंदर म्हणजे रोज संध्याकाळी रोकड. रोकड येते हे खरं. पण गावात ज्या गोष्टींना आपण पैसे मोजत नाही त्या कधी वहीत लिहिल्याच जात नाहीत. परसातला पावटा, विहिरीचं पाणी, शेजारणीने दिलेला वाटीभर रस्सा. त्या सोडल्यावरच त्यांची किंमत कळते.

एक काकी म्हणाल्या, “झालं तर मग. राहा इथेच सुखाने.” आणि आम्ही पुन्हा तीच चूक करणार होतो. पण आमच्यातली एक म्हणाली, “थांबा. तिला विचारू या, हे महिन्याचे अकराशे रुपये देऊन तिला घ्यायचंय तरी काय?”

वहिनी बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “मला बंदर आवडत नाही. तो वास मला सहन होत नाही. पण मला दवाखाना जवळ हवाय.”

तिच्या धाकट्या मुलाला बाळदमा आहे हे आम्हाला माहीत होतं. आदल्या पावसाळ्यातली रात्र मात्र आम्हाला पूर्ण माहीत नव्हती. श्रावणातली रात्र, मुलाला श्वास लागेना. १०८ ला फोन केला. गाडी आली, पण वहाळाच्या पलीकडे. साकवावरून पाणी चाललं होतं. पलीकडे गाडीचा दिवा दिसत होता आणि अलीकडे ही मुलाला उभं धरून, पाठ चोळत, पाणी उतरायची वाट बघत बसली. उतरायला पहाट झाली. मूल वाचलं. पण ती म्हणाली, “त्या रात्री सगळी वाडी शांत होती. एवढी शांत की त्याच्या छातीचा आवाज ओटीपर्यंत ऐकू येत होता. तेव्हापासून मला इथल्या शांततेची भीती वाटते.”

मैत्रिणींनो, हे ती नवऱ्याला बोलली नव्हती, सासूला बोलली नव्हती. कारण घरात विचारणारे विचारतात, “तुला गाव आवडतं की शहर?” आवडीनिवडीचा प्रश्न केला की बाई गप्प होते. तिला कशाची भीती वाटते आणि कशाची गरज आहे, असं विचारलं की खरं बाहेर येतं.

मग आम्ही दोन कामं एकदम करायची ठरवली. एक, बंदर स्वतः बघून यायचं. दोन, साकवाचं काय करता येतं ते बघायचं.

बंदरावर आम्ही चौघी गेलो आणि एक रात्र राहिलो. पाहुणीसारखं दुपारी जाऊन चहा पिऊन परत आलो असतो तर काहीच कळलं नसतं. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी ते बंदर. दिवस उजाडायच्या आधीपासून तिथे जाग. बोटी लागतात, मासळीचे क्रेट उतरतात, लिलावाचा गलका होतो, बर्फ फोडायचा आवाज चालू असतो. खोली बघितली. पाण्याचा नळ चार बिऱ्हाडांत एक, आणि पाणी पाऊण तास. संडास सामाईक. वासाचं वहिनी म्हणत होती ते खोटं नव्हतं. पण मुलांची शाळा चालत दहा मिनिटांवर, जिल्हा रुग्णालय रिक्षाने पोहोचण्याएवढं. हे दोन्ही आम्ही घड्याळ लावून बघितलं.

तिथे पाटी घेऊन बसणाऱ्या एक मावशी भेटल्या. त्यांना विचारलं, “आमची पोरगी इथे येऊन राहील म्हणते, काय सांगाल?” त्या म्हणाल्या, “यायला काही हरकत नाही, गो. पण जून-जुलैत काय खाणार ते आज ठरवून ये.”

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. साधारण १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. माशांची वीण व्हावी आणि खवळलेल्या समुद्रात माणसं दगावू नयेत, म्हणून ही बंदी. ती हवीच. पण त्या दोन महिन्यांत कोळंबी सोलायचं काम जवळजवळ थांबतं आणि खलाशाची कमाईही थांबते. भाडं थांबत नाही. आणि शाळा नेमकी जूनमध्येच सुरू होते! म्हणजे बिऱ्हाड न्यायचं तेही रिकाम्या हाताच्या दिवसांत.

परत आल्यावर सासूबाईंना बैठकीला बोलावलं. त्या गटात नाहीत, पण घर त्यांचंही आहे. त्या आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, “इतक्या दिवसांत मला विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी येणार नाही, घरात दिवा लागला पाहिजे, गणपती इथेच येतो. पण पोराचा जीव जपायला हवा, तुम्ही जा. शेजारी चुलतजाऊ आहे, रात्री ती सोबतीला झोपेल.

त्यानंतर जे ठरलं ते असं. कर्ज १५,००० ऐवजी २२,००० दिलं. वरचे ७,००० म्हणजे जून-जुलैचं भाडं. फेड सप्टेंबरपासून दहा हप्त्यांत, २,२०० रुपये, व्याज महिना शेकडा एक वेगळं. जून-जुलैत नवरा बंदरावर रिकामाच असतो, तर त्याने खोलीवर राहून मुलांचं जेवण आणि शाळा बघायची, आणि वहिनीने लावणीला आठ दिवस गावी यायचं. हे ऐकून बैठकीत हशा पिकला. “त्याला भात तरी लावता येतो का कुकरला?” पण त्याने केलं. पहिले दोन दिवस मुलांनी बिस्किटं खाल्ली, तिसऱ्या दिवसापासून पिठलं जमलं.

शेताचा तुकडा पडीक न ठेवता शेजाऱ्याला एका हंगामापुरता अर्धेलीने दिला आणि तसं कागदावर लिहून घेतलं. शिवाय वहिनी गटातून बाहेर पडली नाही. आम्ही करतो ती आमसुलं, कोकमाचं आगळ, काजूगर व्यापारी पडेल भावात उचलत होता. तो माल थोडा थोडा तिच्याकडे द्यायला लागलो. बंदरावरच्या बायकांना मासळीच्या कालवणात आमसूल लागतंच. त्यातून तिचा हप्ता निघतो आणि आम्हाला बरा भाव मिळतो. जी गेल्याने गट मोडेल अशी पूर्वी भीती वाटत होती, तीच आता गटाचं शहरातलं दुकान झाली आहे.

सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. पहिल्या वर्षी तिचे दोन हप्ते चुकले. शाळेचे गणवेश आणि वह्या आमच्या रकान्यात लिहायच्या राहिल्याच होत्या. आणि आषाढात सासूबाई अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या, मनगट मोडलं. त्या दिवशी वहिनी आम्हाला फोनवर म्हणाली, “एकाचा श्वास सांभाळायला गेले आणि दुसरीचा हात मोडला.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आजींना बंदरावर नेलं, रुग्णालयात प्लास्टर झालं, पाच आठवडे त्या त्या दोन खोल्यांत राहिल्या. आम्ही विचारलं, कसं वाटतं? त्या म्हणाल्या, “रात्रभर इंजिनं वाजतात, डोळा लागत नाही. पण पोर खोकायला लागला की तिकडेही मला कुठे झोप लागत होती?” गणपतीला मात्र त्या घरी आल्या त्या आल्या. आता अंगणात जांभ्याचे चिरे बसवलेत आणि चुलतजाऊ रात्रीच नाही तर दुपारीही डोकावते.

आमच्याच गटातल्या दुसऱ्या एका ताईने हाच हिशोब केला आणि ती गावातच राहिली. तिची काजूची झाडं आहेत, मुलं मोठी आहेत, घरात आजारपण नाही. तिला कमी होती ती दोन गोष्टींची, सकाळची एसटी आणि उन्हाळ्यातलं पाणी. पाणी हे आपल्या कोकणाचं जुनंच दुखणं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभ्याच्या उतारावरून सगळं वाहून समुद्राला जातं. तिच्या पुढाकाराने पावसाळा सरल्यावर आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वहाळावर वनराई बंधारा घातला. तिची विहीर त्या वर्षी महिनाभर जास्त टिकली. एसटीसाठी अर्ज दिला आहे, पाठपुरावा चालू आहे. सांगायचं काय, तर काही सोयी अशा असतात ज्या आपल्याला गावात आणता येतात, आणि काहींसाठी आपल्यालाच जावं लागतं. कुठली कोणत्या रकान्यातली, हे आधी वेगळं करा.

साकवाचं म्हणाल तर, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा नियमच आहे. त्या सभेत आम्ही साकव उंच करण्याचा ठराव मांडला आणि तो ग्रामसभेपुढे नेला. माणसं येऊन मापं घेऊन गेली. साकव अजून झालेला नाही. आम्ही विचारणं सोडलेलं नाही. वहिनी गेली म्हणून वाडीतली बाकीची मुलं काही पलीकडे गेलेली नाहीत.

आता जाता जाता कागदांचं. हे नीट ऐका, कारण बिऱ्हाड हलतं तेव्हा घाईत बायकांच्या सह्या घेतल्या जातात.

घर बंद झालं, जमीन पडीक दिसली की दलाल येतो. भाऊ, दीर म्हणतात, “तू आता शहरात, तुला काय करायचंय?” आणि हक्कसोड पत्र पुढे येतं. वाचल्याशिवाय, विचारल्याशिवाय सही करू नका. २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि तो लग्न झाल्याने किंवा गाव सोडल्याने जात नाही. गावच्या घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलं नाव आहे का, तेही निघण्याआधी बघा.

रेशनकार्डावरचं धान्य आता दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही अंगठा लावून मिळतं. त्यासाठी गावचं कार्ड रद्द करायची गरज नाही. आधार जोडलेलं आहे ना, एवढी खात्री करा.

खोली घेताना भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. आपल्या राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. अनामत किती दिली ते त्यात लिहिलेलं असू द्या. आणि ती खोली, ती शेड कुणाच्या जागेवर उभी आहे ते विचारा. किनाऱ्याची, बंदराची जागा बहुतेक सरकारी असते. उद्या बांधकाम हटवलं तर भाडेकरणीची भांडी पहिली रस्त्यावर येतात.

शेवटी, आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत पाच प्रश्न विचारून बघा. या जागेत मला नेमकी कशाची भीती वाटते? जाऊन मला नेमकं काय मिळवायचंय, आणि त्याची महिन्याची किंमत किती? ती गोष्ट इथेच आणता येईल का? काम बंद असेल त्या महिन्यांत काय खाणार? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं का? उत्तरं लिहून काढा. मग जा किंवा राहा. कोणी जात असेल तर तिला अडवू नका, आणि राहत असेल तर तिला मागासलेली म्हणू नका. जाणारीसाठी एकच वर्षाचं ठरवा, वर्षाने वही पुन्हा उघडा. आमच्या वहिनीने या एप्रिलला उघडली. म्हणाली, “अजून दोन वर्षं. पोराचा दमा आटोक्यात आला आणि साकव झाला, तर मी परत येणार. माझं नाव गटात राहू द्या.” ते राहिलंच आहे. तिची बचत दर महिन्याच्या ५ तारखेला मोबाइलवर येते, आणि हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे आम्ही लिहितो, ‘बंदरावर’.

तुमच्या गटात असा प्रश्न आला असेल, तर तुम्ही काय ठरवलं ते आम्हाला कळवा. तुमच्या वहीतला एखादा रकाना आमच्याकडून सुटला असेल. चला तर, भाकऱ्या करपायच्या आत आवरतं घेतो. पुन्हा भेटू. नमस्कार!